स्लीप स्टडी आणि सीपॅप

झोपेत श्वास किती वेळा अडतो हे रात्रभराच्या नोंदीवरून पाहणारी चाचणी म्हणजे स्लीप स्टडी. वैद्यकीय नाव पॉलिसोम्नोग्राफी. मोठ्याने घोरणारा माणूस ढाराढूर झोपला आहे, असा आपल्याकडे समज आहे. झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या आजारात, म्हणजे स्लीप ॲप्नियात, अनेकदा उलटेच असते. झोप लागताच घशाचे स्नायू सैलावतात, जिभेचा मागचा भाग मागे सरकतो आणि छाती-पोट हलत असूनही हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घुरका घेऊन श्वास सुटतो आणि पुन्हा पहिले पाढे. सकाळी रुग्णाला यातले सहसा काहीच आठवत नाही. म्हणून शेजारी झोपणाऱ्याची साक्ष महत्त्वाची. रुग्णाची तक्रार दिवसाची असते: डोके जड, दुपारी खुर्चीतच पेंग.

चाचणीच्या रात्री डोक्यावर चिकट पेस्टने इलेक्ट्रोड बसवतात. डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, नडग्यांवरही ते असतात. शिवाय नाकाशी नळी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. एवढ्या वायरींत झोप कशी लागणार, ही शंका रास्त आहे. पण निदानापुरती झोप बहुतेकांना लागते. लघवीला उठायचे तर तंत्रज्ञाला हाक मारून जुडगा सोडवून घ्यायचा. केसांतली पेस्ट मात्र सकाळी एका धुण्यात जाईलच असे नाही.

किमान 10 सेकंद हवा थांबली तर तो ॲप्निया. प्रवाह मंदावून ऑक्सिजन घसरला किंवा झोप चाळवली तर हायपोप्निया. दोन्हींची ताशी सरासरी म्हणजे एएचआय. प्रौढांत 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र. 30 म्हणजे दर दोन मिनिटांना एक अडथळा! घरी करायच्या सुटसुटीत चाचणीत सहसा मेंदूच्या लहरी नोंदत नाहीत, त्यामुळे जागेपणीचा वेळही झोपेत धरला जाऊन आकडा कमी दिसू शकतो.

मध्यम व तीव्र आजारावर मुख्य उपचार सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कवाटे दाबाने हवा देणारे यंत्र. सिडनीचे कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी तो 1981 मध्ये मांडला. त्याआधी तीव्र रुग्णासाठी खात्रीचा मार्ग म्हणजे गळ्याला छिद्र पाडणे. यंत्र ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा साधारण 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने नाकातून सोडते आणि घसा उघडा राहतो.

चाचणी एका रात्रीत उरकते, मास्कशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. यंत्र कपाटावर चढते ते बहुधा याच काळात. मास्क सैल असला की हवा डोळ्यांत जाते. म्हणून पट्टे आवळले तर नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतो. बरेचदा चूक मापाची असते, मास्क बदलून मिटते. तोंड उघडे पडून घशाला कोरड पडत असेल तर हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर, हनुवटीचा पट्टा किंवा तोंडही झाकणारा मास्क. आधी दिवसा, टीव्ही पाहताना तासभर लावून बसण्याची युक्ती साधी, पण उपयोगी.

मास्क काढून झोपले की त्याच रात्री श्वास पुन्हा अडू लागतो. वीज गेली तरी तेच. भारनियमनाच्या गावात यंत्राच्या खर्चात इन्व्हर्टरही धरावा.