उललेल्या टाचा आणि दोन वाट्या

माझ्या आजीच्या टाचा बारा महिने उललेल्या असायच्या. रात्री पाय पांघरुणात घेतले की भेगांत गोधडीचे दोरे अडकायचे आणि ती झोपेतच कण्हायची. गाव सावंतवाडीजवळचं. दिवसभर अनवाणी, सकाळी अंगणात शेण, दुपारी मळ्यात चिखल, संध्याकाळी विहीर. निजण्याआधी मात्र ती न चुकता न्हाणीत पाय भिजवायची, दगडावर टाचा घासायची, पंचाने टिपायची आणि पाय पुरते सुकायच्या आत मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांतल्या चरबीचा, गोळा त्यांवर फिरवायची. आधी पाणी कशाला, नुसतं मुठेल लावलं तर चालत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. "नुसत्यान काय होवचा नाय," एवढंच ती म्हणाली.

ती अगदी बरोबर होती. १९५२ साली अमेरिकेत अर्व्हिन ब्लँक या संशोधकाने हेच प्रयोगाने दाखवलं. तळपायाच्या घट्ट्याचे वाळलेले, कडक तुकडे त्याने वेगवेगळ्या तेलांत आणि चरब्यांत ठेवून पाहिले. ते होते तसेच ठिसूळ राहिले. पाणी मिळालेले तुकडे मात्र मऊ पडले. कातडी लवचीक राहते ती तिच्यातल्या पाण्यामुळे. सर्वांत वरच्या मृत थरातलं पाणी साधारण दहा टक्क्यांच्या खाली गेलं की तो थर वाकत नाही, तडकतो.

हा प्रयोग कुणालाही घरी करता येतो. गेल्या हिवाळ्यात माझ्या टाचेच्या कडेची आपसूक सुटलेली कडक साल मी दोन वाट्यांत टाकली, एकीत खोबरेल, दुसरीत साधं पाणी. सकाळी पाण्यातला तुकडा पांढरा, फुगीर आणि भिजलेल्या कागदासारखा लुळा झाला होता. खोबरेलातला चकचकीत दिसत होता, पण वाकवायला गेलो तर कट्‌कन तुटला. टाचेला तेल चोपडून सकाळी पुन्हा भेगा मोजणाऱ्या प्रत्येकाने त्या दोन वाट्या एकदा पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं.

तळपायाची कातडी मुळातच वेगळी आहे. दंडावर मृत पेशींचे पंधरा-वीस थर असतात, टाचेवर त्याच्या चार-पाच पट. शरीराचं सगळं वजन तिथे येतं, त्यामुळे ही जाडी हवीच. पण तळपायावर केस नाहीत, आणि केसाच्या मुळाशी असणाऱ्या तेलग्रंथीही नाहीत. चेहऱ्याला, डोक्याला जे नैसर्गिक तेल मिळतं ते तळपायाला कधीच मिळत नाही. त्याऐवजी तिथे घामाच्या ग्रंथी आहेत, दर चौरस सेंटिमीटरला शेकड्यांनी. पाठीवर त्या कितीतरी विरळ असतात. परीक्षेच्या हॉलमध्ये तळहात ओले होतात तसेच बुटांतले तळपायही होतात. तळपायाची ओल अशी घामावर चालते. शिवाय मृत पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारे काही पदार्थ असतात. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे होऊन तयार झालेली अमिनो आम्लं, लॅक्टिक आम्ल आणि युरिया हे त्यांतले मुख्य. शेतात टाकतो तो युरिया आणि आपल्या कातडीतला युरिया, रेणू तोच.

मग टाच कोरडी का पडते? पाणी आत कमी आलं, बाहेर जास्त गेलं, किंवा धरून ठेवणारे पदार्थ धुऊन गेले. कडकडीत पाणी आणि साबण हे तिसरं काम चोख करतात. पुन्हापुन्हा भिजणं आणि वाळणं, म्हणजे धुणीभांडी, लावणी, फरशी पुसणं, यानेही तेच होतं. हिवाळ्यात देशावरची हवा कोरडी असते आणि एसीची खोलीही तशीच. वय वाढलं की कातडीची पाणी धरण्याची ताकद कमी होते, आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास काही बायकांच्या टाचा अचानक जाड होऊन फुटू लागतात. थायरॉईड मंदावला की घाम कमी येतो, कातडी सुकते. "कोणतं व्हिटॅमिन कमी पडलं असेल?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. रोज नीट जेवणाऱ्या माणसाच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा गोळ्यांच्या बाटलीत नसतं.

भेग पडायला मात्र नुसता कोरडेपणा पुरत नाही, ताण लागतो. टाचेखाली चरबीची गादी असते. उभं राहिलं की ती दाबली जाते आणि बाजूंना पसरते. कडेची कातडी लवचीक असेल तर ताणली जाते, कडक असेल तर फाटते. म्हणूनच भेगा टाचेच्या मध्यावर नव्हे, कडेने पडतात. वजन जास्त असेल, दिवसभर कडक फरशीवर उभं राहायचं असेल, चप्पल मागून उघडी असेल तर गादीला पसरायला मोकळं रान मिळतं. मागून बंद, टाच धरून ठेवणारं पायताण हाही म्हणून एक उपचारच आहे, आणि डॉक्टरकडे जाण्याआधी करता येण्यासारखा.

आता आजीचं मुठेल. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगणारी चरबी काढून तिचे गोळे वळतात. गोव्यात हेच भिरंडेल. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांवर वितळतं, मुठेल चाळीसच्या आसपास. पायाच्या कातडीचं तापमान तिशीच्या जवळपास, म्हणजे खोबरेल तिथे पातळ होऊन गोधडीला लागतं, तर घासून लावलेलं मुठेल घट्ट पापुद्र्यासारखं बसून राहतं. पाण्याने मऊ झालेल्या टाचेवर ते झाकण ठेवतं. रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली पेट्रोलियम जेली हेच काम आणखी चोख करते आणि गल्लीतल्या कोणत्याही दुकानात मिळते. दोन्हींपैकी घरात जे असेल ते लावा, पण ओल्या टाचेवर.

मुठेल चमच्यात वितळवून गरमगरम भेगेत सोडायची पद्धत कोकणात आहे. ती मी कुणालाच सुचवणार नाही. चटका बसतो, आणि ज्याला चटका कळत नाही त्याचं काय होतं ते पुढे येतंच आहे.

पाणी धरून ठेवणारं काही हवं असेल तर औषधाच्या दुकानात युरियाचं क्रीम मिळतं. दहा टक्क्यांचं पाणी धरतं. वीस ते चाळीस टक्क्यांचं त्याहून पुढे जाऊन कडक थर सैल करतं, ते जाड टाचांसाठी. लॅक्टिक आणि सॅलिसिलिक आम्लाची मलमंही याच जातीची. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेवर ती चुरचुरतात, तिथे आधी पेट्रोलियम जेली लावून भेग भरू द्यावी. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, मग वज्री हलक्या हाताने, टिपणं, दोन-तीन मिनिटांत मलम, वर सुती मोजे. हे निदान तीन-चार आठवडे रोज, कारण टाचेचा जाड थर एका रात्रीत बदलत नाही. लिंबू, सोडा, ब्लेड यांतलं काहीही नको.

एवढं करूनही फरक पडत नसेल तर ते कोरडेपण नसण्याचीच शक्यता जास्त. चिखल्या म्हणजे बोटांच्या बेचक्यात होणारं ओलं, खाजरं बुरशीचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. पण ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी कोरडं रूपही घेते. सगळ्या तळव्यावर पिठासारखा बारीक कोंडा, रेषांमध्ये पांढुरकेपणा, खाज फारशी नाही. वर्षानुवर्षं लोक त्यावर क्रीम चोळत राहतात. दोन्ही पाय आणि एकच हात असा कोरडा असेल तर बुरशीचा संशय जवळपास पक्काच. डॉक्टर थोडा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, काही मिनिटांचं काम. दुकानदाराने काउंटरवरून दिलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम मात्र लावू नका. त्याने वरची लाली जाते आणि बुरशी आत सुखाने वाढते. सोरायसिस, इसब, आणि चपलेतल्या रबराची किंवा चामड्याच्या क्रोमची ॲलर्जी हीही अशीच फसवणारी दुखणी. पट्ट्याच्या आकारात कातडी बिघडली असेल तर आधी चप्पल बदला.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मधुमेहाची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की बारीक नसा मरू लागतात. त्यांत घामग्रंथींना हुकूम देणाऱ्या नसाही असतात. घाम थांबतो, आणि तळपायाची ओल घामावरच चालत असल्याने पाय सुकतात. स्पर्श आणि वेदना नेणाऱ्या नसाही त्याच सुमारास जात असतात, त्यामुळे भेग पडते पण दुखत नाही. न दुखणाऱ्या भेगेतून जंतू आत जातात. कुष्ठरोगातही नेमकं हेच घडतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की कुष्ठरुग्णांच्या पायांवरच्या जखमा मांस सडल्यामुळे नव्हे, दुखणं न कळल्यामुळे चिघळतात. अशा रुग्णांना आजही शिकवतात ते हेच: भिजवा, घासा, तेल लावा, आणि रोज पाहा. मधुमेही माणसाने पाय बराच वेळ भिजत ठेवू नयेत, पाणी कोपराने तपासावं, मलम बोटांच्या बेचक्यात लावू नये.

माझ्या मावशीला बारा वर्षं मधुमेह. तिचे पाय दोन वर्षांपासून सुकत चालले होते आणि आम्ही सगळे तिला क्रीमं आणून देत होतो. एक दिवस संध्याकाळी तिने चप्पल काढली तर तळव्याला चिंचोका रुतलेला. सकाळपासून ती त्यावरच चालत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ड्रॉवरमधून नायलॉनचा एक जाड दोरा काढला. दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो, आणि ज्याला तो तळव्यावर कळत नाही त्याची संरक्षक जाणीव गेलेली असते. मावशीला डोळे मिटायला सांगितलं. दोरा लागला की "हो" म्हणायचं.

मावशी डोळे मिटून शांत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "लावा की डॉक्टर, मी तयार आहे."

डॉक्टरांचा दोरा तळव्यावर तीन ठिकाणी टेकवून झाला होता.