‘पेंगाब्दी सेतान’: आईच्या भुताची चाळीस वर्षं

पश्चिम जावातलं एक जुनं, आडबाजूचं घर. साल 1981. वरच्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. एकेकाळी ती गायिका होती, आता तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून उशाशी एक छोटी घंटी ठेवलेली. घंटी वाजली की घरातलं कुणीतरी जिना चढून वर धावतं. पुढे आई जाते, तिचं दफन होतं, आणि मग एका रात्री ती घंटी पुन्हा वाजते.

ही गोष्ट इंडोनेशियन दिग्दर्शक जोको अन्वर यांच्या भयपटाची. ‘पेंगाब्दी सेतान’, म्हणजे ‘सैतानाचे सेवक’, सप्टेंबर 2017 मध्ये प्रदर्शित झाला. इंडोनेशियातल्या चित्रपटगृहांत 42 लाखांहून जास्त लोकांनी तो पाहिला. पण हे घर तेव्हा पहिल्यांदा झपाटलं नव्हतं. याच नावाचा मूळ चित्रपट 1980चा, दिग्दर्शक सिस्वोरो गौतामा पुत्रा. निर्मिती दोन्ही वेळा ‘रापी फिल्म्स’ची. या कंपनीचे संस्थापक गोपे समतानी हे सिंधी वंशाचे. इंडोनेशियाच्या चित्रपटधंद्यात सिंधी घराण्यांचा वाटा मोठा आहे, आणि आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नसतो.

जुन्या चित्रपटावर 1979च्या ‘फँटॅझम’ या अमेरिकी भयपटाची छाप आहे, पण त्याचा जीव पक्का इंडोनेशियन. कुटुंब श्रीमंत, आधुनिक, नमाज-रोजा विसरलेलं. आई वारल्यावर दारमिना नावाची बाई घर सांभाळायला येते आणि तिच्यामागोमाग सैतान. रूथ पेलुपेसी यांनी साकारलेली ही दारमिना पुढची कित्येक वर्षं लोकांच्या लक्षात राहिली. मेलेली माणसं एकामागून एक उठून घरात शिरतात तेव्हा कियाई, म्हणजे गावचे धर्मगुरू, येतात, कुराणातल्या आयतींनी सैतानाला हटवतात, आणि वाचलेलं कुटुंब मशिदीची वाट धरतं.

हा शेवट त्या काळाने घडवलेला होता. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची राजवट ऐन भरात होती आणि सेन्सॉरचा हात जड होता. पडद्यावर रक्त, भुतं, काळी जादू काहीही दाखवा, शेवटी सत्प्रवृत्ती जिंकली पाहिजे आणि घडी पुन्हा नीट बसली पाहिजे, ही अपेक्षा ठरलेली. याच सिस्वोरोंच्या 1981च्या ‘सुंदेलबोलोंग’मधून सुझान्ना ही अभिनेत्री भयपटांची राणी म्हणून आणखी पक्की झाली. सुंदेलबोलोंग म्हणजे पाठीला मोठं भगदाड असलेलं बाईचं भूत. ती आणि बाळंतपणात दगावलेल्या बाईचं भूत, कुंतिलानाक, पाहिली की आपली हडळ आठवल्याशिवाय राहत नाही.

पोचोंग हे भूत मात्र खास तिकडचं. मुस्लिम रिवाजाप्रमाणे प्रेत कफनात गुंडाळून डोक्यावर, मानेशी, पायाशी गाठी मारतात. कबरीत ठेवल्यावर त्या गाठी सोडायच्या. राहून गेल्या तर मेलेला अडकतो आणि ‘सोडवा मला’ म्हणत कफनासकट परत येतो, अशी समजूत. जिवंतांच्या हातून मृताचं एक साधं काम राहून गेलं, एवढाच त्याचा दोष. ‘पेंगाब्दी सेतान’चं भय मला याच जातीचं वाटतं: इथे बाहेरून कुणी चाल करून येत नाही, घरातलंच माणूस परत येतं.

1990च्या दशकात इंडोनेशियाचा चित्रपटधंदा जवळजवळ झोपला. खासगी टीव्ही वाहिन्या आल्या, चित्रपटगृहं हॉलिवूडने व्यापली. 1998 मध्ये सुहार्तो गेले, आणि 2001च्या ‘जेलांगकुंग’नंतर भयपट पुन्हा चालायला लागला.

जोको अन्वर 1976चे, मेदानचे. हा चित्रपट पुन्हा करावा ही त्यांची फार वर्षांची इच्छा होती. त्यांनी नाव ठेवलं, आई ठेवली, पण श्रीमंती काढून टाकली. आईच्या आजारपणात घर धुऊन निघालेलं, तिच्या जुन्या गाण्यांच्या रॉयल्टीचा आधारही उरलेला नाही. मोठी मुलगी रिनी पैशासाठी खेटे घालते. मूल होत नाही म्हणून आईने पूर्वी एका पंथाशी सौदा केलेला, आणि आता धाकट्या, मूकबधिर इयानवर त्याची वसुली आली आहे. शेजारचे उस्ताज, म्हणजे धर्मशिक्षक, मदतीला येतात खरे, पण स्वतःचा मुलगा गेल्यावर तेच खचतात, आणि पुढे त्यांचाही जीव जातो. 1980च्या कियाईंना जे जमलं, ते यांना जमत नाही. मला या दोन चित्रपटांमधलं सर्वांत मोठं अंतर इथेच दिसतं. तंत्र, ध्वनी, छायांकन हे सगळं त्यानंतर.

ऑगस्ट 2022 मध्ये आलेला दुसरा भाग 63 लाखांहून जास्त प्रेक्षकांनी पाहिला. त्याची सुरुवात होते 1955 मध्ये बांडुंगजवळ, जिथे नेहरू आणि इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुकार्नो एकत्र आले त्या आशिया-आफ्रिका परिषदेच्या तोंडावर. पुढची कथा 1984ची. रिनी आणि तिची माणसं आता जकार्तातल्या एका सरकारी इमारतीत राहतात, बाहेर वादळ आणि पुराचं पाणी. साल मुद्दाम निवडलेलं आहे. 1982 ते 1985 या काळात इंडोनेशियात ‘पेत्रुस’, म्हणजे गूढ गोळीबार, चालू होता. संशयित गुंडांना गोळ्या घालून त्यांची प्रेतं रस्त्यात टाकली जात. लोकांना जरब बसावी म्हणून ती तशी टाकली होती, हे खुद्द सुहार्तो यांनीच 1989च्या आत्मचरित्रात मान्य केलं.