जेवणाच्या खोलीला लाल रंग देताना

जेवणाच्या खोलीला लाल रंग द्यायचा, एवढं बरेच ग्राहक घरूनच ठरवून येतात. शेडकार्ड उघडलं की मात्र घोळ सुरू होतो. त्यात लाल म्हणण्याजोग्या पाच-पन्नास छटा असतात आणि बोटभर तुकड्यावर त्यातली प्रत्येकच छान दिसते. अशा वेळी हाताशी असावं म्हणून हे माहितीपत्रक. आमचा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे. ही खोली तुम्ही ज्या वेळी वापरता त्या वेळचा उजेड आधी पक्का करा आणि लाल त्याच उजेडात निवडा. इतर रंगांच्या बाबतीत थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. लाल मात्र उजेड बदलला की ओळखू येत नाही इतका बदलतो.

दिवा आधी, रंग नंतर

बहुतेक घरांत ही खोली खऱ्या अर्थाने वापरली जाते ती दिवेलागणीनंतर. म्हणजे भिंत दिसणार ती दिव्याच्या प्रकाशात. भिंत लाल दिसते, कारण तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला लाल भाग, साधारण ६२० नॅनोमीटरच्या पुढचा, ती परत फेकते आणि बाकीचा बराचसा गिळते. दिव्याच्या प्रकाशातच तो भाग तोकडा असेल, तर कितीही उंची रंग लावा, भिंत मलूलच दिसणार. जुन्या तारेच्या बल्बमध्ये लाल प्रकाश भरपूर असायचा, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडत नसे. एलईडीत तो कमी-जास्त असतो आणि स्वस्त दिव्यांत बहुधा कमीच.

दिव्याच्या खोक्यावर सीआरआय ८० किंवा ९० असा आकडा असतो. रंग किती खरे दिसतील याचं ते माप. पण हा आकडा ज्या आठ नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात ते सगळे फिकट, सौम्य रंग आहेत. भडक लाल त्यांत नाहीच. त्यासाठी आर९ नावाचा वेगळा आकडा असतो आणि तो खोक्यावर सहसा छापलेला नसतो, कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात शोधावा लागतो. सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर९ शून्याच्या आसपासही असू शकतो. लाल भिंतीसाठी आम्ही सीआरआय ९० किंवा अधिक आणि आर९ किमान ५० असलेले दिवे सुचवतो. प्रकाशाचा रंग २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर, ठेवा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफेक उजेडात विटकरी रंग मातकट दिसतो आणि डाळिंबी जांभळटपणाकडे झुकतो. दिवे बदलायचे असतील तर रंग निवडण्याआधी बदला. रंग लावून झाल्यावर दिवे बदलणं म्हणजे भिंतीचा रंगच बदलणं.

मंद दिव्याची हौस असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. उजेड फार कमी झाला की आपल्या डोळ्यांना सगळ्यांत आधी लालच काळा पडलेला दिसतो, निळा आणि हिरवा त्यामानाने तग धरतात. पुर्किन्ये या झेक शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपून ठेवलं आणि आजही त्या परिणामाला त्याचंच नाव आहे. म्हणून डिमर लावणार असाल तर अगदी गडद मरून घेऊ नका. दिवा मंद केल्यावर तो तपकिरी-काळा होऊन बसेल. एखादी पायरी उजळ छटा घेतली, तर मंद दिव्यातही तिचं लालपण टिकतं.

लाल कोणत्या अंगाचा

निव्वळ लाल असा रंग भिंतीवर क्वचितच येतो. तो एकतर पिवळ्या अंगाचा असतो, जसा शेंदरी, विटकरी, गेरू, किंवा निळ्या अंगाचा, जसा डाळिंबी, किरमिजी, मरून. एकच तुकडा हातात घेऊन हे कळत नाही. पांढऱ्या कागदावर चार-पाच तुकडे शेजारी शेजारी ठेवा, लगेच कळतं. एकाच्या मानाने दुसरा भगवा वाटू लागतो, तिसऱ्यात जांभळी झाक उमटते. ठरलेल्या क्रमांकांवरून बोलायचं तर आरएएल या रंगांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या तक्त्यातला ३००९ हा लोहाच्या गंजासारखा मातकट लाल, ३००३ माणकासारखा आणि ३००५ गडद मद्यवर्णी. हे तीन समोर ठेवले की आपला कल कुठे आहे ते बरंच स्पष्ट होतं.

चारही भिंती लाल करायच्या असतील तर आमचं मत पिवळ्या अंगाच्या, थोड्या मातकट छटांच्या बाजूने आहे. त्यांच्या मुळाशी बहुधा आयर्न ऑक्साइड असतं, म्हणजे गेरूतलंच द्रव्य. माणसाने गुहांच्या भिंती रंगवल्या त्या याच द्रव्याने आणि हजारो वर्षांनंतरही त्या तांबड्या आहेत. उन्हाने ते उडत नाही आणि भिंत चांगली झाकतं. उलट प्राचीन रोममधले श्रीमंत लोक ज्या झगझगीत हिंगुळासाठी पैसे मोजत, तो उघड्या उन्हात काळा पडतो अशी तक्रार व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवली आहे.

आजचे तेजस्वी लाल हिंगुळाचे नसतात. ते क्विनाक्रिडोनसारख्या सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुगांच्या, रंगद्रव्यांचे असतात. क्विनाक्रिडोन १९५८ च्या सुमारास बाजारात आलं आणि त्याचा टिकाऊपणा उत्तम आहे. पण असे रंग पारदर्शक असतात, झाकत कमी, आणि चार भिंतींवर फार बोलतात. तेजस्वी लाल मनात भरलाच असेल तर तो एका भिंतीपुरता ठेवा. त्यातही बसल्यावर सर्वांच्या समोर येणारी भिंत टाळा, पाठीमागची किंवा बाजूची घ्या.

टेबलाच्या लाकडाशीही लाल जमला पाहिजे. पिवळसर, फिकट लाकडाशेजारी निळ्या अंगाचा लाल उठून दिसतो. तांबूस लाकडाशेजारी विटकरी भिंत आली की दोन्ही एकमेकांत विरघळतात. काहींना तेच आवडतं. मग निदान फरशी तरी वेगळी, थंड रंगाची हवी.

चार भिंती एकमेकींना लाल करतात

शेडकार्डवरचा रंग भिंतीवर दोन पायऱ्या भडक का वाटतो, असं ग्राहक नेहमी विचारतात. रंग मिसळण्यात चूक झालेली नसते. एका लाल भिंतीवरून परतलेला उजेड समोरच्या लाल भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा पहिलीवर. दर खेपेला निळा-हिरवा भाग गिळला जातो आणि लाल तेवढा उरतो. त्यामुळे खोली तुकड्यापेक्षा जास्त लाल होते आणि काळोखीही. शेडकार्डच्या मागे एलआरव्ही नावाचा आकडा असतो. पडलेल्या उजेडापैकी शेकडा किती परत येतो, ते त्यावरून कळतं. पांढऱ्या रंगाचा तो ८० च्या वर असतो, गडद लालचा बहुधा १० च्या आगेमागे. म्हणजे पांढऱ्या खोलीला पुरणारे दिवे लाल केल्यावर कमी पडतील. एखादा दिवा वाढवण्याची तयारी ठेवा आणि छटा निवडताना आवडलेल्या तुकड्याहून एक पायरी शांत, जरा धुरकट अशी घ्या. भिंतीवर ती आपोआप वर चढते.

नमुना कसा बघावा, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण पैसे वाचतात ते इथेच. साधारण ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे दोन गुळगुळीत बोर्ड घ्या. त्यांवर प्रायमर मारा आणि निवडलेल्या रंगाचे दोन-तीन हात द्या. थेट भिंतीवर ठिपका मारू नका. भोवतीचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. लालच्या शेजारी हिरवट काही असेल तर लाल जास्त पेटतो, शेजारी केशरी असेल तर तोच फिका पडतो. शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शेजारच्या रंगांच्या या परिणामाचा सखोल अभ्यास १८३९ साली प्रसिद्ध केला होता.

बोर्ड पूर्ण वाळू द्या, निदान एक दिवस. इमल्शन ओलं असताना दुधट, फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. मग दोन्ही बोर्ड काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यासारखे, एकमेकांसमोर उभे करा. वर सांगितलेली उजेडाची देवाणघेवाण तुम्हाला त्या कोपऱ्यातच दिसेल. खुर्चीत बसून बघा, कारण ही खोली माणूस बसून पाहतो. रात्री नेहमीचे दिवे लावून बघा. टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यावर किती लाली उतरते ते पाहा. समोर कुणाला तरी बसवून त्याचा चेहरा पाहा. चेहऱ्यावर ऊब आली तर रंग बरोबर आहे. माणूस तापलेला दिसत असेल तर छटा बदला. दिवसाही खोली वापरत असाल तर सकाळी आणि दुपारी बोर्ड तसेच ठेवून पुन्हा एकदा पाहा.

घरातल्या सगळ्यांना दाखवा. काही जणांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांपेक्षा बरंच जास्त असतं. त्यांतल्या काहींना लाल काळपट दिसतो. घरात असं कुणी असेल तर त्याच्यासाठी तुमची डाळिंबी खोली अंधारी होईल. अशा घरात आम्ही लाल एका भिंतीवर आणि उरलेल्या तिन्हींवर उजळ रंग सुचवतो.

लाल रंगाने भूक वाढते, असंही सर्रास सांगितलं जातं. प्रयोगांतून याला एकमुखी दुजोरा मिळालेला नाही. काही प्रयोगांत तर लाल ताटली समोर असताना लोकांनी कमी खाल्लं. तेव्हा हे कारण बाजूला ठेवा. रात्रीच्या दिव्यात ही खोली तुम्हाला जवळची वाटते का, एवढंच बघा.

प्रायमर राखाडी का

पांढऱ्या प्रायमरवर लाल खुलेल असं वाटतं, पण होतं उलटंच. फिकट रंग भिंत झाकतात ते त्यांतल्या टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. हे पांढरं द्रव्य लालमध्ये टाकलं तर तो गुलाबी होईल, म्हणून गडद लाल ज्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ पेंटमध्ये, बनवतात त्यात ते जवळजवळ नसतंच. परिणामी खालचा पांढरा वर डोकावतो आणि रोलरचे पट्टे दिसत राहतात. खाली राखाडी प्रायमर असला की लाल लवकर भरतो आणि खोल दिसतो. राखाडी किती गडद हवा, ते त्या त्या छटेसाठी कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. रंगारी पांढऱ्याचा आग्रह धरत असेल तर त्याला हा परिच्छेद दाखवा.

तरीही तीन हात धरूनच चला, तेजस्वी छटेला चौथाही लागू शकतो. हिशेब असा करा. ४ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच खोलीच्या भिंती ४२ चौरस मीटर भरतात. दार-खिडकीचे ४ वजा केले की ३८ उरतात. एक लिटर एका हाताला १० चौरस मीटर पुरतं असं धरलं, तर एका हाताला ३.८ लिटर आणि तीन हातांना सुमारे साडेअकरा लिटर. सगळा रंग एकदम घ्या आणि सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळा. दोन डब्यांतला किंचित फरक पांढऱ्यात कळत नाही, लालमध्ये भिंतीच्या मध्यावर रेघ दिसते. भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत पुरी करूनच थांबा आणि ब्रशने मारलेल्या कडा ओल्या आहेत तोवर रोलर फिरवा. नाहीतर कडेची चौकट कायम गडद दिसत राहते.

घर जुनं असेल तर एक इशारा. जुन्या रंगांत, विशेषतः लाल-पिवळ्या ऑइल पेंटमध्ये, शिसं असण्याची शक्यता असते. असा रंग तपासल्याशिवाय कोरडा घासू नका. त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते.

चमक, छत आणि शेजारची खोली

मॅट, म्हणजे बिनचमकेचा, लाल सर्वांत देखणा, कारण दिव्याचा चटका त्यावर उमटत नाही आणि भिंतीवरच्या पुट्टीचे उंचसखल भाग लपतात. पण खुर्चीची पाठ किंवा नख घासलं की त्यावर पांढुरकी रेघ उठते आणि डाग जोराने पुसला तर तेवढाच भाग चकाकू लागतो. सॅटिन, म्हणजे हलक्या चमकेचा, पुसायला सोपा, पण भिंत अगदी सपाट हवी. आम्ही धुता येणारा मॅट सुचवतो आणि खुर्च्या टेकतात त्या उंचीवर लाकडी पट्टी.

छताला शुभ्र पांढरा देऊ नका. भिंतीची लाली त्यावर पडून ते गुलाबी दिसतं. किंचित पिवळसर किंवा राखाडी झाक असलेला पांढरा ती लाली पचवतो. बैठकीच्या खोलीतून ही भिंत दिसत असेल तर तिथला रंगही विचारात घ्या. लालकडे बराच वेळ पाहून आलेल्या डोळ्यांना करडी भिंत क्षणभर हिरवट वाटते.

रंग लावल्यावर तीन-चार आठवडे भिंत धुऊ नका. गडद लालमध्ये रंगद्रव्य जास्त असतं, त्यामुळे तो पक्का व्हायला वेळ घेतो आणि सुरुवातीला ओल्या फडक्यावर थोडा रंग येऊ शकतो. नंतर मऊ, पिळलेलं फडकं पुरे.

आमच्याकडे येताना भिंतींची मापं, दिव्याचं खोकं आणि खुर्चीच्या कापडाचा एखादा तुकडा घेऊन या. काम झाल्यावर अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि डब्यावरचं मिश्रणाचं लेबल तिलाच चिकटवा. पुढे डागडुजी करताना त्याच लेबलवरून आम्ही रंग पुन्हा बनवून देऊ.