प्रोग्रामच्या पोटातला पत्ता

अंधेरीतल्या कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स शिकत होतो तेव्हाची गोष्ट. रूटचा (मशीनच्या सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड सरांकडे आणि सर कँटीनमध्ये. नवं सॉफ्टवेअर जिथं टाकतात त्या ‘यूएसआर लोकल’ फोल्डरला हात लावायची सोय नाही. एका सीनियरनं कानमंत्र दिला: सोर्स कोड उतरव, बिल्डची तयारी करणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट चालवताना प्रीफिक्स (इन्स्टॉल करायची जागा) म्हणून स्वतःच्याच होममधला फोल्डर दे, मग प्रोग्राम घडवायला ‘मेक’ आणि जागेवर ठेवायला ‘मेक इन्स्टॉल’. प्रोग्राम सुरू झाला, मी खूश!

परीक्षेनंतर आवराआवरी करताना मी त्या फोल्डरचं नाव बदललं आणि प्रोग्राम मेला. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररीची (तयार कोडच्या संग्रहाची) फाइल डोळ्यांसमोर दिसतेय, आणि मशीन म्हणतंय सापडत नाही.

‘स्ट्रिंग्ज’ ही कमांड बायनरी (यंत्रभाषेतल्या) फाइलमधला वाचता येण्यासारखा मजकूर काढून दाखवते. ती चालवली, तर आत माझ्या फोल्डरचा जुना पत्ता जसाच्या तसा. प्रीफिक्स म्हणजे नुसतं ‘इथं कॉपी कर’ नव्हे. लायब्ररी कुठं शोधायची, सेटिंग कुठून वाचायची, हे पत्ते बिल्ड होतानाच (सोर्स कोडपासून प्रोग्राम घडतानाच) प्रोग्राममध्ये कोरले जातात. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरता वेगळा फोल्डर) दुसरीकडे हलवलं की पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारी स्क्रिप्ट, रुसतं, ते याचसाठी. त्या स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत पायथनचा पूर्ण पत्ता असतो.

इतरांना वाटायला पॅकेज बनवणारे मात्र ‘मेक इन्स्टॉल’ला ‘डेस्टडिर’ नावाचा तात्पुरता फोल्डर देतात. चाळीचा पुनर्विकास पाहिलेल्या मुंबईकराला हे लगेच कळेल: बिऱ्हाड सध्या संक्रमण शिबिरात, पण करारनाम्यावर नव्या इमारतीतला फ्लॅट नंबर. फाइली तात्पुरत्या फोल्डरात उतरतात, कोरला जातो तो कायमचा पत्ता.

बिल्ड कुठं करता याला तसं फारसं महत्त्व नाही. फक्त फोल्डरच्या नावात स्पेस नको, कारण मेक स्पेसवर नाव तोडतं. चुका शोधायला प्रोग्रामसोबत ठेवलेल्या डीबगिंगच्या माहितीत मात्र बिल्डची जागाही उमटते. ती बदलून लिहायचा पर्याय जीसीसी या कंपायलरच्या 4.3 आवृत्तीत 2008 मध्ये आला.

आणि ‘प्रमाण’ जागा तरी कुठल्या? ‘यूएसआर लोकल’मधलं यूएसआर हे मुळात युजरांच्या होम डिरेक्टऱ्यांचं घर. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला युनिक्स जिथं जन्मलं त्या बेल लॅब्जमध्ये पहिली डिस्क भरली, तेव्हा सिस्टिमचे प्रोग्राम तिथं पोटभाडेकरू म्हणून शिरले. आज घरमालक तेच!

मी काय केलं? पुन्हा बिल्ड करायचा कंटाळा. जुन्या नावाची एक सिंबॉलिक लिंक (नव्या फोल्डरकडे बोट दाखवणारी पाटी) ठेवली. कोर्स संपेपर्यंत ती तिथंच होती.