गांधीलमाशीसारखा उडणारा पतंग, आणि नवीन प्रजातीला नाव देताना काय काय बघावं लागतं

मलेशियाच्या रेनफॉरेस्टमध्ये नदीकाठी, भर उन्हात, ओल्या वाळूवर आणि गोट्यांमध्ये खूप कीटक जमतात. मधमाश्या असतात, गांधीलमाश्या असतात, फुलपाखरं असतात, आणि या सगळ्या घोळक्यात मिसळून काही पतंग पण बसलेले असतात. पतंग म्हणजे रात्री ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालतात ना, त्यांचेच भाऊबंद, फक्त हे दिवसा उडतात, पंख आरपार दिसणारे, अंग सडपातळ, आणि एकंदर रूप असं की बघणारा आधी हात मागे घेतो. यांना क्लिअरविंग मॉथ म्हणतात, आपण काचपंखी पतंग म्हणू. कुळाचं शास्त्रीय नाव सेसिइडी, जगभरात साधारण चौदाशे-पंधराशे प्रजाती माहिती आहेत आणि त्यातल्या बहुतेक कुठल्या ना कुठल्या मधमाशीची किंवा गांधीलमाशीची नक्कल करतात.

२०१७ मध्ये यात एक नवीन नाव आलं, पायरोफ्लेप्स एलावी. मार्ता स्कोवरॉन व्होल्पोनी ही पोलंडची संशोधक आणि तिच्यासोबत पाओलो व्होल्पोनी, या दोघांनी झूकीज नावाच्या जर्नलमध्ये त्याचं वर्णन छापलं. पायरोफ्लेप्स हा जीनस, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींचा गट, मलेशियन द्वीपकल्पात त्याआधी कुणी नोंदवलाच नव्हता, म्हणजे प्रजाती पण नवीन आणि त्या भागासाठी जीनस पण नवीन. पण मला त्या पेपरमधलं सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच आहे. नवीन पतंगाचं वर्णन म्हटलं की पंखांचे फोटो, मापं, जननांगांची चित्रं एवढं असतं. इथे त्या जोडीला पतंग कुठे बसतो, कधी दिसतो, कसा उडतो, वाळूवर काय करतो हे सगळं लिहिलंय आणि जिवंत पतंगाचा जंगलातला व्हिडिओ पण दिलाय. माझं तर स्पष्ट मत आहे की नक्कल करणाऱ्या किड्याचं वर्णन असंच व्हायला पाहिजे, नाहीतर अर्धं राहतं.

का ते सांगतो, पण आधी नेहमीची पद्धत काय असते ते बघू, कारण ती पण सोपी नाही. नमुना मिळाला की त्याला टाचणी लावतात, पंख पसरून वाळवतात. मग जगभरच्या म्युझियममधल्या जुन्या नमुन्यांशी आणि जुन्या वर्णनांशी ताडून बघायचं, कारण तुम्हाला नवीन वाटलेला पतंग शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच नावाने छापून ठेवलेला असू शकतो. पतंगांमध्ये नुसत्या रंगावर भरवसा ठेवत नाहीत, खवले झडतात, रंग उडतात. म्हणून पोटाचा मागचा भाग काढून कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात गरम करतात, त्यात मऊ भाग विरघळून जातो आणि जननांगांचे कडक भाग शिल्लक राहतात, ते स्वच्छ करून स्लाइडवर लावायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचे. दिसायला अगदी सारख्या दोन प्रजाती इथे पकडल्या जातात. सोबत हल्ली डीएनए बारकोड काढतात, म्हणजे सीओआय नावाच्या जीनचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि डेटाबेसशी जुळवायचा. ही कल्पना पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली होती. एलावीचा बारकोड हा त्या जीनसचा पहिलाच होता.

शेवटी एक नमुना होलोटाइप ठरतो. पुढे कधीही वाद झाला की नेमका कुठला पतंग, तर उत्तर त्या एका नमुन्याकडे जाऊन शोधायचं, म्हणून तो म्युझियममध्ये जपून ठेवतात.

आता अडचण बघा. होलोटाइप मेलेला असतो. तो उडत नाही, गुणगुणत नाही, कुठे बसायला आवडतं ते सांगत नाही. साध्या तपकिरी पतंगाच्या बाबतीत हे चालून जातं पण ज्याचं अख्खं आयुष्य दुसऱ्या कुणासारखं दिसण्यावर उभं आहे त्याच्या बाबतीत नाही चालत. ही नक्कल करायची ती पक्ष्यांसाठी, आणि पक्षी काही टाचणी लावलेला नमुना भिंगातून बघत नाही, त्याला हलतं काहीतरी दिसतं आणि खाऊ की नको हे त्याने क्षणात ठरवायचं असतं. त्या क्षणात आकार, रंग, वेग, उडायची रीत, आवाज सगळं एकत्र पोचतं.

याची मुळं दीडशे वर्षांहून जुनी आहेत. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गतज्ज्ञ १८४८ मध्ये ॲमेझॉनला गेला आणि ११ वर्षं तिथे राहिला. त्याच्या लक्षात आलं की काही चविष्ट फुलपाखरं कडवट, पक्षी टाळतात अशा फुलपाखरांसारखी दिसतात, पक्षी फसतो आणि ती वाचतात. १८६२ मध्ये त्याने हे छापलं, म्हणून या प्रकाराला बेट्सियन मिमिक्री म्हणतात. यात एक अट असते, नकली माल कमी पाहिजे आणि असली जास्त. नाहीतर पक्ष्याला पाच पिवळेकाळे किडे खाल्ले की कळतं की यातले चार निवांत खाता येतात, आणि मग कुणीच वाचत नाही. काचपंखी पतंग विरळ दिसतात त्यामागे हे एक कारण असू शकतं.

नक्कल किती खोलवर जाते बघा. पतंगाचे पंख म्हणजे खवल्यांनी भरलेले, हातात धरला की बोटाला पावडर लागते ती तीच. काचपंखींच्या पंखांवर मोठ्या भागात खवलेच नसतात, शिरा आणि कडा तेवढ्या रंगीत, मधे नुसता पारदर्शक पडदा. त्यातही पुढच्या पंखाची मागची कड खाली दुमडलेली असते आणि मागच्या पंखाची पुढची कड वर, दोन्हीवर बारीक वाकडे काटे, ते एकमेकांत अडकले की जॅकेटची चेन लावल्यासारखे दोन्ही पंख एक होऊन हलतात. गांधीलमाशीचे पंख पण असेच जोडले जातात, फक्त तिच्याकडे आकडे असतात. म्हणजे रूपच नाही तर उडायची यंत्रणा पण तिच्या जवळ गेलेली आहे.

आणि उडणं खरंच मोजलंय. मार्ता आणि तिच्या सहकाऱ्यांनी मलेशियात हे पतंग आणि त्यांच्या आसपासच्या माश्या यांच्या उडण्याचे मार्ग थ्री-डीमध्ये नोंदवले आणि २०१८ मध्ये बायॉलॉजी लेटर्समध्ये निकाल छापले. मधमाश्यांची नक्कल करणारे पतंग नागमोडी उडत होते, इतके हुबेहूब की तिथल्या डंख नसलेल्या छोट्या मधमाश्यांपासून ते मार्ग वेगळे काढणं जवळपास अशक्य. आणि गांधीलमाशीची नक्कल करणारा पायरोफ्लेप्स जास्त वेगात, जास्त सरळ उडत होता, टॅकिस्फेक्स जातीच्या गांधीलमाश्यांसारखा, ज्या वाळूत बिळं करून त्यात पिल्लांसाठी नाकतोड्यांसारखी शिकार भरतात. गंमत म्हणजे मधमाशीसारखे उडणाऱ्यांमध्ये पायरोफ्लेप्स क्रुएन्टाटा हा पण होता. म्हणजे एकाच जीनसमधले दोन पतंग, एक मधमाशीच्या रीतीने उडतो आणि दुसरा गांधीलमाशीच्या. हे म्युझियमच्या ड्रॉवरमध्ये शेजारी शेजारी ठेवून कधीच कळलं नसतं.

डंखच नसलेल्या मधमाशीची नक्कल करून फायदा काय असं कुणी विचारेल. तर डंख नसला तरी या मधमाश्या कडकडून चावतात, चिकट राळ अंगाला फासतात आणि पोळ्यापाशी झुंडीने तुटून पडतात. एकटीदुकटी माशी खाऊन फारसं काही मिळत नाही आणि त्रास भरपूर, त्यामुळे अशी शिकार टाळणंच बरं. याच टीमने आवाजही रेकॉर्ड केले, हेटेरोस्फेशिया जीनसचे पतंग मधमाश्यांसारखेच गुणगुणतात असं त्यात दिसलं.

जिवंत पतंग बघणं किती मोलाचं असतं ते कळायला हेटेरोस्फेशिया टॅवोनॉइडीसची गोष्ट ऐका. १८८७ मध्ये सुमात्रातून एक नमुना गोळा झाला आणि व्हिएन्नाच्या निसर्ग म्युझियममध्ये जाऊन बसला. २००३ मध्ये ॲक्सेल कॅलीज यांनी त्याला नाव दिलं, तोपर्यंत नमुना खराब झालेला. जगात या प्रजातीचा पुरावा म्हणजे तेवढा एकच वाळलेला पतंग. मग मार्ताला तो मलेशियात तामान नेगारा नॅशनल पार्कच्या नदीकाठी चक्क जिवंत दिसला, तब्बल १३० वर्षांनी, २०१७ मध्ये ती बातमी जगभर गेली. जिवंत पतंगावर उन्हात निळी झाक चमकत होती, पायांवर लांब केसांसारखे खवले होते ज्यामुळे पाय मधमाशीच्या पायासारखे जाड दिसतात, आणि तो बसला होता मधमाश्यांच्यातच. व्हिएन्नातल्या त्या तुकड्याकडे बघून यातलं किती कळलं असतं?

नदीकाठ का, तर चिखलपान. आपल्याकडे सह्याद्रीत ओढ्याच्या ओल्या वाळूवर फुलपाखरांचे थवे बसलेले बघितलेच असतील, तेच. पानाफुलांत सोडियम अगदी कमी असतं, ते ओल्या वाळूतून पाण्यासोबत शोषून घेतात. फुलपाखरांत बहुतेक नरच हे करतात आणि मीलनाच्या वेळी त्यातलं काही मादीकडे देतात. चिखलपान करताना किडा उघड्यावर असतो, लक्ष खाण्यात असतं, म्हणजे पक्ष्यासाठी सोपी शिकार, आणि नेमकी त्याच वाळूवर माश्यांची ये-जा असते. सोंग वठवायला याहून चांगली जागा कुठली.

उलट बाजूचं उदाहरण पण आहे. २०२४ मध्ये वेल्समधल्या पोर्ट टॅलबट गावात एका घरात भलतेच चमकदार काचपंखी पतंग दिसले. घरातली एक जण फोटोग्राफर, ती गयानाहून आली होती, तिच्या सामानातून तिथल्या मोरा झाडाच्या शेंगांचे तुकडे नकळत आले होते आणि त्यात अळ्या होत्या. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये तपासणी झाली, डीएनए बघितला, प्रजाती नवीन निघाली आणि कार्मेन्टा ब्रॅकिक्लाडोस असं नाव मिळालं. इथे अळी कशात वाढते हे पहिल्याच दिवशी कळलं, जे कळायला इतर काचपंखींच्या बाबतीत कित्येक वर्षं जातात, कारण या अळ्या खोडात, मुळात, फळात आत पोखरत असतात, बाहेरून दिसतच नाहीत. कोषावर काट्यांच्या ओळी असतात, त्यांच्या जोरावर तो सरकत सरकत भोकातून अर्धा बाहेर येतो, पतंग निघून जातो आणि रिकामी कात तिथेच अडकून राहते. पण हाच पतंग गयानाच्या जंगलात कसा उडतो, कुणासारखा दिसतो, कुणासोबत बसतो, ते दिवाणखान्यात बसून कसं कळणार.

आता आपल्याकडचं. भारतातल्या काचपंखींबद्दल जुनं एकत्र काम म्हणजे हॅम्पसन या इंग्रज कीटकतज्ज्ञाचं, फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया मालिकेतला पतंगांचा पहिला खंड, १८९२ चा, आणि ते मुख्यतः वाळलेल्या नमुन्यांवरून लिहिलेलं. आपल्याकडे पतंग बघणारे हल्ली खूप वाढलेत, दर जुलैत मॉथ वीकला पांढरी चादर आणि लाइट लावून रात्र रात्र बसतात, पण दिवसा उडणारे हे पतंग चादरीवर क्वचितच येतात, त्यामुळे निसटतात. फळबागांच्या देशांत यासाठी मादीच्या वासाचे सापळे वापरतात, पीचच्या झाडाच्या काचपंखीचा तो वास १९७४ मध्ये ओळखला गेला आणि तसल्या सापळ्यांत मग इतर प्रजातींचे नर पण येऊ लागले. शेतकऱ्यांना हे कुळ वेगळ्या रूपात माहिती आहे, पडवळाच्या वेलाच्या खोडात मेलिटिया नावाच्या काचपंखीची अळी शिरते आणि खोड फुगतं. खोडकिडा म्हणून फवारणी होते, पतंग मात्र बहुतेकांनी बघितलेला नसतो.

अजून एक, बागेत अनंताच्या झाडाभोवती भुंग्यासारखा घोंगावणारा हिरवट, पारदर्शक पंखांचा जाडा पतंग दिसतो, तो काचपंखी कुळातला नाही, तो कॉफी बी हॉकमॉथ, वेगळं कुळ. कोषातून निघताना त्याच्या पंखांवर खवले असतात आणि पहिल्याच उड्डाणात झडून जातात.

खरा काचपंखी ओळखायचा तर आधी तोंड बघा. गांधीलमाशीला चावायचे जबडे असतात, पतंगाला बहुधा गुंडाळलेली सोंड असते. मिशा बघा, पतंगाच्या बऱ्याचदा टोकाकडे जाड होत गेलेल्या असतात. पाठीवर आणि पायांवर खवले दिसतात का ते झूम करून बघा. आणि उन्हाच्या वेळी ओढ्याच्या वाळूवर असा संशयास्पद कुणी दिसला तर फोटोवर थांबू नका, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, आणि शेजारी कुठल्या माश्या बसल्यात त्या पण फ्रेममध्ये घ्या, वेळ आणि जागा लिहून ठेवा. पुढे कुणी त्या पतंगाचं वर्णन करायला बसलं तर होलोटाइपच्या डबीत न मिळणारी माहिती त्याला त्या व्हिडिओत मिळेल.