फिरखो: पेशीपासून गटारापर्यंत

१८४८च्या फेब्रुवारीत प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारनं बर्लिनच्या शारिटे इस्पितळातला एक २६ वर्षांचा डॉक्टर अप्पर सायलेशियात (हा भाग आज मुख्यतः पोलंडमध्ये आहे) पाठवला. तिथं टायफसची साथ पसरली होती. (हा टायफॉईड नव्हे. उवांमार्फत पसरणारा हा वेगळा ताप. पण उवांचा हात उघडकीला यायला १९०९ साल उजाडावं लागलं.) वर्तमानपत्रांनी ओरड केल्यावर सरकारला हालचाल करणं भाग होतं. डॉक्टर जाईल, रोगी पाहील, चार सूचना लिहील आणि फाईल बंद होईल, असाच सगळा हिशेब असणार.

रुडॉल्फ फिरखो तिथं जेमतेम तीन आठवडे राहिला. आपल्याकडची मेडिकलची मुलं ‘विर्चोज ट्रायड’ (रक्ताची गुठळी होण्याची तीन कारणं) म्हणून ज्याचं नाव घोकतात, तोच हा. त्यानं रोगी तपासले, शवविच्छेदनं केली, पण नोंदी केल्या त्या घरांच्या, जेवणाच्या आणि शाळांच्याही. ओंडक्यांची कोंदट घरं, त्यातच माणसं, त्यातच जनावरं. खायला बटाटा, ताक आणि आंबवलेला कोबी; त्यातला बटाटाही सलग काही हंगाम बुडालेला. लोक पोलिश बोलणारे, कारभार जर्मन भाषेतला. जमिनी आणि खाणी मूठभर बड्या घराण्यांच्या ताब्यात.

त्याच्या अहवालात औषधांबद्दल फारसं काहीच नव्हतं. पोलिश भाषेत शिक्षण द्या, धर्मसत्ता आणि राज्यसत्ता वेगळ्या करा, गरिबांवरचा कराचा बोजा कमी करा, रस्ते बांधा, शेती सुधारा, लोकांना पूर्ण लोकशाही द्या, असा तो उपाय होता. सरकारी खर्चानं गेलेल्या माणसानं सरकारलाच रोगाचं कारण ठरवावं, हे त्या काळी पचणारं नव्हतंच. परतल्यावर काही दिवसांत, १८ मार्चला, बर्लिनमध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि हा गडी रस्त्यावर अडथळे रचायला हजर. त्याच वर्षी त्यानं वैद्यकीय सुधारणांसाठी एक साप्ताहिक सुरू केलं. वैद्यक हे सामाजिक शास्त्र आहे आणि राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावर केलेलं वैद्यकच, हे त्याचं वाक्य याच दिवसांतलं. पुढच्या वर्षी क्रांती दडपली गेली, साप्ताहिक बंद पडलं आणि शारिटेतली जागाही सोडावी लागली.

पण तोवर त्याचं नाव झालं होतं, तेही प्रयोगशाळेच्या जोरावर. त्या काळात युरोपातलं बरंचसं वैद्यक अजून शरीरातल्या द्रवांभोवतीच फिरत होतं. रक्त बिघडलं की माणूस बिघडला, असा साधारण समज. व्हिएन्नाचा रोकिटान्स्की शवविच्छेदनात त्या काळचा बादशहा, पण कारणमीमांसेला बसला की तोही रक्ताच्या दोषावरच यायचा. फिरखोनं ऐन पंचविशीत त्याच्यावर अशी टीका केली, की रोकिटान्स्कीनं पुढं आपली मांडणी बदलली.

१८४५ची एक केस इथं नीट पाहण्यासारखी आहे. पन्नाशीची एक स्वयंपाकीण दाखल झाली होती: थकवा, नाकातून रक्त, सुजलेले पाय, वाढलेली पाणथरी. काही महिन्यांत ती गेली. शव उघडल्यावर रक्तवाहिन्यांत पुवासारखा पांढुरका द्रव दिसला. त्याच सुमारास एडिंबरोत बेनेट या डॉक्टरनं अशीच केस पाहिली आणि रक्तात पू झाला असा निष्कर्ष काढला. फिरखोनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, पू कुठून यावा याचा शोध घेतला, आणि तो सापडेना तेव्हा पू आहे असं म्हणायचं नाकारलं. तांबड्या आणि पांढऱ्या पेशींचं प्रमाण उलटं झालंय, एवढंच त्यानं लिहिलं. कारण माहीत नाही तर नावही दिसतंय तेवढंच: ‘पांढरं रक्त’. दोन वर्षांनी त्यालाच त्यानं ग्रीक रूप दिलं, ल्युकेमिया.

फुफ्फुसात सापडणाऱ्या गुठळ्यांचंही तसंच. त्या तिथंच तयार होतात असं मानलं जाई. फिरखोनं कुत्र्यांच्या मानेच्या शिरेत रबराचे तुकडे सोडले आणि ते फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतात हे दाखवलं. म्हणजे गुठळी पायात धरू शकते आणि ती फुफ्फुसात अडकून जीव जाऊ शकतो. थ्रॉम्बोसिस (रक्तवाहिनीत गुठळी धरणं) आणि एम्बोलिझम (ती वाहत जाऊन दुसरीकडे अडकणं) हे शब्द त्याचेच.

१८४९ ते १८५६ ही वर्षं वुर्त्सबुर्गला गेली, आणि माझ्या मते तीच सर्वांत कसदार. राजकारण बाजूला, दिवसभर सूक्ष्मदर्शक. ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ हे लॅटिन सूत्र त्यानं १८५५मध्ये मांडलं आणि १८५८च्या बर्लिनमधल्या वीस व्याख्यानांतून ‘सेल्युलर पॅथॉलॉजी’ उभी राहिली: रोग म्हणजे बाहेरून शिरलेलं भूत नव्हे, बिघडलेल्या परिस्थितीत चाललेलं पेशींचंच जगणं. मात्र श्रेयाचा हिशेब इथं चोख नाही. पेशी विभागणीतूनच जन्मतात हे रोबर्ट रेमाकनं आधीच दाखवलं होतं. रेमाक ज्यू होता, त्याला पूर्ण प्राध्यापकपद कधीच मिळालं नाही, आणि फिरखोनंही त्याचं देणं मोकळेपणानं मान्य केलं नाही.

बर्लिनला परतल्यावर मात्र दोन्ही कामं एकत्र आली. १८५९पासून मरेपर्यंत तो नगरपरिषदेत होता. जेम्स होब्रेख्टच्या ज्या भुयारी गटार योजनेचं काम १८७३मध्ये सुरू झालं, तिच्यामागे त्यानं आपलं सगळं वजन टाकलं. घाण स्प्रे नदीत न सोडता पंपानं शहराबाहेरच्या शेतांत न्यायची, अशी ती योजना. डुकराच्या मांसातल्या ट्रायकिना जंतावरून सक्तीच्या मांसतपासणीसाठी तो भांडला. संसदेत प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्याशी त्याचं कधीच जमलं नाही. १८६५मध्ये बिस्मार्कनं द्वंद्वाचं आव्हान दिलं, ते त्यानं नाकारलं. शस्त्र म्हणून फिरखोनं दोन सॉसेज पुढं केले, एक चांगला आणि एक जंत भरलेला, अशी जी गोष्ट त्याला जोडून सांगतात ती झकास आहे, पण समकालीन पुरावा नाही.

एवढा सावध माणूस चुकलाही तसाच दणदणीत. प्रसूतिताप डॉक्टरांच्या अस्वच्छ हातांमुळे पसरतो, हे व्हिएन्नातल्या सेमेलवाइस या डॉक्टरचं म्हणणं त्यानं वर्षानुवर्षं मानलं नाही. जंतूंमुळे रोग होतो या जर्मन शास्त्रज्ञ रोबर्ट कॉखच्या मांडणीकडे तो संशयानं पाहत राहिला. निअँडरथल या प्राचीन मानवाची कवटी त्याला रोगट माणसाची वाटली. रोग गरिबीत असतो आणि पेशीत असतो, हे त्याचं दोन्हीकडून पक्कं झालेलं. मधे जंतूला जागा करून देणं त्याला जड गेलं.

१८८७चं प्रकरण तर राजघराण्याचं होतं. युवराज फ्रीडरिश यांच्या घशातली वाढ कर्करोगच आहे, असं जर्मन डॉक्टर म्हणत होते. इंग्रज डॉक्टर मॅकेंझीनं तुकडे काढून फिरखोकडे पाठवले. त्यात कर्करोग दिसला नाही, तसं त्यानं लिहिलं आणि शस्त्रक्रिया टळली. मार्च १८८८मध्ये फ्रीडरिश सम्राट झाले आणि ९९ दिवसांत कर्करोगानंच गेले. फिरखोचा बचाव असा, की अहवाल हाती आलेल्या तुकड्यांपुरता होता. उरलेल्या घशाबद्दल त्यानं काहीच म्हटलं नव्हतं.