तेर: तगर नेमकं कुठलं, या वादाची पार्श्वभूमी

धाराशिवच्या ईशान्येला वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर म्हटलं की मराठी माणसाला आणखी ओळख लागत नाही. सातवाहनांचा काळ, पैठणची राजधानी, रोमशी चाललेला व्यापार हेही शाळेत सगळ्यांनी वाचलेलं आहे, म्हणून ते पुन्हा सांगत बसत नाही. तेरच्या इतिहासात खरा गुंता आहे तो नावाचा. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशातल्या व्यापाऱ्यांना माहीत असलेलं ‘तगर’ म्हणजे हेच तेर, हे आज गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ते सिद्ध व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि तोवर तगराचा मान निदान तीन-चार गावांना देऊन झाला होता.

वादाचं मूळ ‘पेरिप्लस’मध्ये आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेली ही समुद्री व्यापाराची माहितीवही. दक्षिणेतल्या बाजारपेठांपैकी दोन तिला विशेष महत्त्वाच्या वाटल्या. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर, ‘फार मोठं नगर’. पैठणहून अकीकासारखे दगड यायचे. तगराहून यायचं साधं कापड, भरपूर, शिवाय तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि किनाऱ्याकडच्या मुलखातून तगरात येऊन पडलेला इतर माल. हे सगळं गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून भडोचला उतरवलं जायचं. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथातही तगर आहे, फक्त त्याने ते पैठणच्या भलत्याच बाजूला टाकलं आहे.

पुढे शतकानुशतकं हे नाव अधूनमधून डोकं वर काढतं. उत्तर कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेतात. त्यांचं राज्य तेरवर नव्हतं. आपलं मूळ त्या थोर नगरात आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तगर उतरणीला लागून बराच काळ लोटल्यावरही त्या नावाची इभ्रत एवढी होती की कोकणातल्या राजाला ते बिरुद मिरवावंसं वाटलं. सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका चालुक्य दानपत्रात तर दान घेणारा ब्राह्मण तगराचा रहिवासी असल्याचं सांगितलं आहे. म्हणजे तेव्हा ते नाव नुसतं बिरुदात उरलेलं नव्हतं, तिथे माणसं राहत होती.

एकोणिसाव्या शतकात युरोपी आणि देशी अभ्यासक तगर शोधायला लागले तेव्हा त्यांच्यापुढे ही वाक्यं होती आणि नकाशे होते. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर, कुणी कोल्हापूर, तर कुणी बीड भागातलं धारूर. यातली पहिली तीन नावं आज कशी सुचली असतील याचं नवल वाटतं, कारण जुन्नर पैठणच्या पश्चिमेला पडतं, कोल्हापूर नैर्ऋत्येला आणि देवगिरी वायव्येला, तीही दोन-तीन दिवसांच्या अंतरावर. पण त्या अभ्यासकांची बाजूही समजून घ्यावी लागते. जुन्नरला लेणी डोळ्यांसमोर दिसत होती, शिलालेख वाचता येत होते. मोठं नगर म्हणजे दगडात काहीतरी उरलेलं असणारच, हा त्यांचा हिशेब. तेरकडे दगडात दाखवायला फारसं काही नव्हतं. तेर मातीचं आणि विटांचं गाव.

धारूरचा दावा मात्र दमदार होता. ते पैठणच्या आग्नेयेला आहे, नावातही ‘र’ आहे, आणि मांडणारे आपल्याकडच्या इतिहासलेखनातले फार मोठे विद्वान होते. इथे अंतर मोजून पाहावं. नकाशावर सरळ रेष ओढली तर भडोच ते पैठण साधारण साडेतीनशे किलोमीटर भरतं. ते वीस दिवसांत कापायचं तर रोजचे सतरा-अठरा किलोमीटर. पैठण ते तेर दीडशेच्या आसपास आहे, दहा दिवसांचे रोजचे पंधरा. बैलगाडीची चाल आणि बालाघाटाचा चढ धरला तर हे गणित जुळतं. धारूर जेमतेम शंभर-एकशेपाच किलोमीटर, म्हणजे रोजचे दहा. तेवढ्यासाठी कुठलाही गाडीवान दहा मुक्काम करणार नाही. राहिला दिशेचा प्रश्न. तेरही पैठणच्या नेमकं पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण ती वही लिहिणारा बंदरातला माणूस होता, त्याने हा घाट चढलेला नव्हता. भडोचच्या वखारीत बसून ऐकलेली दिशा एवढी हलणारच.

१९०१ साली एका इंग्रज पुराभिलेखतज्ज्ञाने तेरचं नाव पुढे केलं. अंतराचा मुद्दा होताच, पण माझ्या मते त्याच्या मांडणीचा कणा शब्दाच्या घडणीत आहे, आणि तो मराठी कानाला चटकन पटतो. ‘तगर’मधला ‘ग’ प्राकृतात गळतो, तअर–तयर होतं आणि त्याचं तेर. हीच वाट ‘नगर’ शब्दाने धरलेली आपण रोज पाहतो: संगमनेर, पारनेर, अंमळनेर, पिंपळनेर. नगराचं नेर होतं तसं तगराचं तेर. धारूरला हा प्रवास जमत नाही. जुन्या इंग्रजी नकाशांत तेरचं स्पेलिंग ‘थैर’च्या जवळ जाणारं होतं, त्यामुळे नुसत्या नकाशावर बोट फिरवणाऱ्याच्या हे ध्यानात येणं अवघड होतं. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याचा एक अधिकारी स्वतः तेरला येऊन टेकाडं आणि देवळं पाहून गेला. लातूरपर्यंत छोटी रेल्वे पोचली १९११ साली, म्हणजे तो आला तेव्हा या बाजूला गाडी नव्हती.

तेर हे नाव मध्ययुगात रूढ झालं होतं याचा एक पुरावा जैन परंपरेत आहे. अकराव्या शतकाच्या सुमाराच्या अपभ्रंश भाषेतल्या एका काव्यात करकंड राजाची कथा येते, त्यात तेरापूर आहे आणि जवळच्या धाराशिवच्या लेण्यांचं वर्णन आहे. जिल्ह्याच्या नावाचा वाद पेटला तेव्हा याच काव्याचा आधार बऱ्याच जणांनी घेतला. २०२३ साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. तेरला मात्र कुणी दुसरं नाव दिलं नाही, निजामाच्या राज्यातही नाही. संतचरित्रांत ‘तेरढोकी’ असं जोडनाव येतं. ढोकी हे शेजारचं गाव, आता रेल्वेचं स्टेशन. बाहेरगावच्याला खूण पटावी म्हणून दोन गावांची नावं जोडून बोलायची आपली जुनी सवय, तिचंच हे रूप. यातून तेर म्हणजेच ढोकी असा समज काही ठिकाणी छापूनही आला आहे, तो चुकीचा आहे.

देवळांकडे वळलं की दुसरा वाद समोर येतो. त्रिविक्रमाचं देऊळ गावात आहे. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा. मूळ वास्तू त्याच्या मागे आहे, मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार छत, आणि सगळं विटांत. कार्ल्याचं किंवा भाज्याचं लेणं ज्याने पाहिलं आहे त्याला हा आकार ओळखू येतो. तिथे डोंगर कोरून केलं ते इथे वीट रचून केलं. आपल्याकडे विटांतलं असं काम उभं राहिलेलं जवळजवळ नाहीच. आंध्रातलं चेझर्ला हे दुसरं नाव लगेच घेतलं जातं. पहिल्या अभ्यासकांनी हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, ठरवलं, त्यात पुढे विष्णू आला असं मानलं, आणि पुस्तकांतून तेच चालत आलं. नंतरच्या काहींचं म्हणणं असं की अर्धगोल मागची बाजू ही फक्त बौद्धांची मिरास नव्हती, तेव्हा ते आरंभापासून वैष्णव देऊळ असू शकतं. मला पहिलं मत जास्त सयुक्तिक वाटतं, कारण साठच्या दशकाच्या अखेरच्या उत्खननात तेरमध्येच चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंती घालून बांधलेला विटांचा मोठा स्तूप सापडला. बौद्धांची वस्ती इथे नांदती होती एवढं तरी त्यातून नक्की होतं. पाय उचललेला तो त्रिविक्रम आणि त्याच्या पायाशी बळी, ही मूर्ती मात्र ज्याने त्याने डोळे भरून पाहावी.

उत्तरेश्वर आणि कालेश्वर ही दोन्ही देवळंही विटांची. उत्तरेश्वराची लाकडी कोरीव द्वारचौकट आता संग्रहालयात आहे. आपल्या हवेत, वाळवीच्या मुलखात, एवढं जुनं लाकूड टिकणं ही साधी गोष्ट नव्हे.

गोरोबाकाकांची समाधी नदीकाठी आहे. परंपरेने त्यांचा काळ १२६७ ते १३१७ मानतात आणि समाधीची तिथी चैत्र वद्य त्रयोदशी. तुडवलेल्या मातीची आणि विठ्ठलाने घडवलेली मडकी विकल्याची कथा इथे सांगायची गरज नाही. थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेव कच्चं मडकं निघाले, तो प्रसंगही परंपरा याच घरातला सांगते. मला यात एवढंच महत्त्वाचं वाटतं की कुंभारकाम इथे गोरोबांच्याही हजार-बाराशे वर्षं आधीपासून मुरलेलं होतं. टेकाडांत सापडणाऱ्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या, मूर्ती दोन साच्यांत दाबून, मधून पोकळ ठेवून केलेल्या आहेत. केसांची गाठ, कानातलं, गळ्यातले पदर, बोटभर मूर्तीत सगळं मोजता येतं.

१९५८ साली पहिलं शास्त्रीय उत्खनन झालं, पुढे साठ-सत्तरच्या दशकांत आणखी काही. पण तेरचा ठेवा वाचला तो त्याच्या आधीपासून धडपडणाऱ्या लामतुरे नावाच्या एका गावकऱ्यामुळे. जुन्या गावठाणाची पांढरी माती खत म्हणून शेतात घालायची रीत मराठवाड्यात सगळीकडे होती, तेरच्या टेकाडांचीही ती गाडीगाडीने नेली गेली. मोठाल्या विटा निघाल्या की त्या घराच्या भिंतीत जायच्या. पावसाळ्यात उतारावरून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, शिशाची नाणी वाहून वर यायची. गावातल्या या व्यापाऱ्याने ती आयुष्यभर वेचली, सांभाळली आणि शेवटी शासनाच्या हवाली केली. त्यांच्याच नावाचं लामतुरे संग्रहालय आज तेरमध्ये उभं आहे, वीस हजारांहून अधिक वस्तूंचं. शिकलेली, पगारी माणसं यायच्या आधी त्यांनी हे केलं, आणि गावाच्या इतिहासात त्यांना राजांच्या बरोबरीने जागा द्यायला हवी असं मी मानतो.

तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती जवळून पाहण्यासारखी आहे. लहानशी, दागिन्यांनी मढलेली, अंगाला जुन्या दंताचा पिवळसर रंग चढलेला. आरशाच्या मुठीसाठी अशा मूर्ती करत असावेत असं मानतात. इटलीत पॉम्पेईच्या राखेखालून १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडलेली मूर्तीही याच घराण्यातली. पॉम्पेईची नेमकी कुठे घडली यावर एकमत नाही, मथुरेपासून दख्खनपर्यंत नावं घेतली जातात. तेर आणि भोकरदनच्या मूर्ती शेजारी ठेवून पाहिल्या की माझा कौल दख्खनला जातो.

आजचं तेर जुन्या नगराच्या अंगावरच बसलेलं आहे. उत्खननं झाली ती मोकळ्या राहिलेल्या टेकाडांवर, आणि तीही तुकड्या-तुकड्यांनी. राहत्या घरांखाली, गल्ल्यांखाली जे आहे त्याला कुदळ लागलेली नाही. एखाद्या जुन्या घराचा गिलावा पडला की आत हातभर लांबीची, आजच्या भट्टीत न निघणारी वीट दिसते.